चारशे पन्नास मेगाहर्ट्‌झचा घातपात

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी घरातली शांतता ‘टूं’ अशा एका बारक्या आवाजाने भंगली.

दुसऱ्या कुणाला तो ऐकूही आला नसता. पण खुर्चीत साक्षात उत्तरा बसली होती. उत्तरा म्हणजे गुडगावच्या या नव्याकोऱ्या सोसायटीतली एकमेव मराठी गुप्तहेर; आणि तिच्या स्वतःच्या मते यमुनेपासून अरवलीपर्यंतची सर्वोत्तम. कुकरच्या शिट्टीवरून आत डाळ आहे की बटाटे हे ती सांगे. चार वर्षांची लेक दोन मिनिटं गप्प बसली तर काय सांडलं असेल आणि कशावर, हे ती दुसऱ्या खोलीतून ओळखे. हरवलेली गॅसची पावती तिने अवघ्या अकरा दिवसांत शोधून काढली होती. ती तिच्याच पर्समध्ये सापडली, हा तपशील गौण.

तर ‘टूं’. म्हणजे घरचा संगणक स्वतःहून बंद पडून स्वतःहूनच पुन्हा सुरू झाल्याची वर्दी. लिहिलेलं अर्धं पान गडप. पुन्हा बसावं तर दहा मिनिटांत पुन्हा टूं. आठवडाभर हेच चाललं होतं.

साल दोन हजार, जानेवारीची अठरा तारीख. एकतीसला उत्तराचा एम.फिल.चा प्रबंध विद्यापीठात पोचायला हवा होता. एक मुदतवाढ लेकीच्या, म्हणजे क्षिप्राच्या, गोवरात गेली होती, दुसरी घर बदलण्यात. तिसरी मिळणार नाही, नाव कमी होईल, असं गाइडबाईंनी फोनवर सांगून टाकलं होतं. शेवटचं प्रकरण बाकी होतं आणि लिहायला वेळ मिळे तो दुपारी एक ते तीन, क्षिप्रा झोपायची तेवढाच. विषय होता पानिपतच्या हातमागवाल्या घरांतल्या बायका. तो ऐकला की दिल्लीतला प्रत्येक मराठी माणूस “म्हणजे पुन्हा पानिपत का?” असं विचारी आणि हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं अशा आनंदाने हसे.

“आई,” उत्तरा बाल्कनीत येऊन गंभीरपणे म्हणाली, “हा अपघात नाही. घातपात आहे.”

आई म्हणजे अहिल्याबाई, तिच्या सासूबाई. त्या हिवाळ्यापुरत्या नाशिकहून आल्या होत्या आणि त्यांना न विचारताच त्यांची सहायकपदी नेमणूक झाली होती. उन्हात मटार सोलत त्या म्हणाल्या, “मग पोलिसांना कळव. मला एवढे संपवू दे.”

“पहिला संशयित, दोन हजार साल. नवं साल लागलं की जगातले कॉम्प्युटर वेडे होणार, असं पेपरात होतं.”

“ते एक तारखेला होणार होतं ना? आज अठरा.”

“धुकं आहे, आई. दिल्लीत सगळंच लेट येतंय.”

अहिल्याबाईंनी एक किडका दाणा बाजूला टाकला. उत्तराला वाटलं, आपली उपपत्तीच टाकली.

दुसरा संशय विजेवर. सोसायटीचा पाण्याचा पंप दुपारी सुरू होत असेल, व्होल्टेज पडत असेल, संगणक गचकत असेल. उत्तरा शाल गुंडाळून खाली पंपाच्या खोलीत गेली. इलेक्ट्रिशियन नरसिंह स्टुलावर ऊन खात बसला होता.

“आज दो बजकर दस मिनट पे आप कहाँ थे?”

“खाना खा रहा था, मैडम.”

“किसके साथ?”

नरसिंहने आठवून पाहिलं. “मूली के साथ.”

“और पंप?”

“पंप तो सुबह छह बजे चलता है. दोपहर में पानी ही कहाँ होता है, मैडम? आपके यहाँ आता है क्या?”

वहीत नोंद झाली : संशयित सहकार्य करतो. जरा जास्तच करतो.

मुख्य संशयित साडेसहाला मानेसरहून कंपनीच्या बसने घरी आला. प्रतीक, उत्तराचा नवरा. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. त्याने नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर-बाजारातून तीनशे मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणला होता आणि घरी बसून, स्क्रू ड्रायव्हर दातांत धरून, तो चारशे पन्नासवर पळवला होता. मुलगी झाली तेव्हा वाटले नव्हते एवढे पेढे त्याने बसमध्ये वाटले होते.

“याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आई,” तो पुन्हा एकदा समजावू लागला. “बनवणाऱ्याने जेवढा वेग ठरवून दिला, त्याच्या दीडपट काम त्याच किमतीत काढून घ्यायचं.”

“आमच्या वेळी याला सून आणणं म्हणत,” अहिल्याबाई म्हणाल्या.

उत्तराने उलटतपासणी हातात घेतली. “जास्त पळवला की तापतो आणि तापला की बंद पडतो, हे तूच सांगितलं होतंस ना? मग आण परत तीनशेवर.”

“तीनशेवर?” प्रतीकचा चेहरा डिमोशनची ऑर्डर हातात पडल्यासारखा झाला. “अगं, मोठा पंखा बसवलाय मी त्याला. मागून गरम हवा कशी भसाभस फेकतो, हात धरून बघ. आणि परवा रविवारी मी अकरा ते पाच बसलो होतो. एकदा तरी टूं झालं?”

नव्हतं झालं.

“म्हणजे मशीन बिल्कुल ठीक आहे. तू काहीतरी दाबत असशील, यार.”

लग्नाला सहा वर्षं झालेल्या घरात ‘तू काहीतरी दाबत असशील’ या वाक्यानंतर जी शांतता पसरते, ती पसरली. जेवताना प्रतीकने ती भरून काढायचा प्रयत्न केला. “दही मात्र झकास लागलंय हं. या थंडीत असं दही, सुरीने कापावं असं.” उत्तराने स्तुती ऐकून घेतली आणि वाटी त्याच्यासमोर, लागेल न लागेल अशी, आदळली.

चौथी उपपत्ती तिने सहायकालाही सांगितली नाही. ती अशी, की संगणक चांगला आहे, पंप चांगला आहे, साल चांगलं आहे; आपल्यालाच आता जमत नाही. पोळ्या आणि गोवर यांत गेलेलं डोकं पुन्हा पानावर बसवायला गेलं की ते यंत्रालाही कळत असावं. पुढचे दोन दिवस ती कळफलकावर बोटं इतकी हळू टेकवत होती, जणू आत कुणी नुकतंच झोपलंय. टूं व्हायचं ते झालंच.

शेवटी तिने शास्त्रशुद्ध तक्ता केला. ‘दुपारी एक ते तीन : कोण काय करतं.’ शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला सगळे जमले तेव्हा तो तिने ताटांच्या मध्ये ठेवला.

“गुन्हेगार या घरातच आहे,” ती म्हणाली. “आई, वाचा.”

अहिल्याबाईंनी चष्मा लावला. “अहिल्याबाई : मटार, जप, डुलकी. डुलकी नाही गं, जपच असतो तो. प्रतीक : मानेसर. नरसिंह : मुळा. क्षिप्रा : झोप. उत्तरा : लेखन. त्याखेरीज, काही नाही.”

“आई दह्याला सुलावते ना,” क्षिप्रा म्हणाली.

“काय करते?”

“आधी मला झोपवते. मग दह्याला. कॉम्प्युटरच्या मागे.” क्षिप्राने चमच्यावरचं दही चाटलं. “त्याला ठंड लागते म्हणून बाबाची टोपी पण घालते.”

मग प्रतीक उठला आणि संगणकामागे वाकला. तिथे, गरम हवा बाहेर पडायच्या जाळीला अगदी घट्ट चिकटून, लोकरी शालीचं एक घरटं होतं. मध्ये पातेल्याएवढा गोल खळगा आणि वर प्रतीकची माकडटोपी. पातेलं अर्थात समोर टेबलावर होतं. त्यातलंच दही सगळे खात होते.

“थंडी वाढल्यापासून दही लागत नव्हतं,” उत्तरा हळू आवाजात म्हणाली. “तिथे ऊबदार होतं.”

“रविवारी तो बसला होता, म्हणून तू भांडं ओट्यावरच ठेवलंस,” अहिल्याबाई म्हणाल्या. “लागलंच नाही त्या दिवशी. ताक म्हणून प्यायलो.”

प्रतीक टोपी हातात घेऊन उभा होता. “म्हणजे मशीन ठीक होतं.”

“हो.”

“चारशे पन्नासवर.”

“हो रे बाबा.”

“नाही, मी विचार करतोय,” तो म्हणाला, “तीनशेवर असं दही लागलं असतं का?”

उत्तराने तक्ता पुढे ओढला. विरजण लावायचं काम हात करत. डोक्याला त्याची वार्ता नसे. पानिपतला तिने बेचाळीस बायकांना विचारलं होतं, तुम्ही काय काम करता? एकोणचाळीस जणींनी मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता सांगितलं होतं, “कुछ नहीं जी, घर पे ही रहते हैं.” हे उत्तर कसं खोटं आहे यावर तिने तीन प्रकरणं लिहिली होती, तळटीपांसकट. तिने ‘काही नाही’ खोडलं आणि ‘विरजण’ लिहिलं. मग जरा थांबून त्याखाली ‘क्षिप्राला झोपवणं’ लिहिलं. तेव्हा कुठे तिला सुचलं.

“क्षिप्रा, पण तू तर तेव्हा झोपलेली असतेस ना?”

“नाही. मी डोळे बंद करून असते.”

“रोज?”

“तुला काम असतं ना,” क्षिप्रा म्हणाली, आणि पातेल्याकडे बोट दाखवलं. “साय मला.”

पातेल्याची बदली बाथरूमच्या गीझरखाली झाली. दही पातळ लागू लागलं. त्याबद्दल घरात कुणी बोललं नाही. संगणक चारशे पन्नासवर धावत राहिला आणि उत्तराही. दुपारी जागी राहिलीस तरी चालेल, असं तिने क्षिप्राला दोनदा सांगितलं. पण एक वाजला की क्षिप्रा आपली आपण रजईत शिरायची.

अठ्ठावीस तारखेला, दोन चाळीसला, उत्तराने शेवटच्या वाक्यापुढे पूर्णविराम दिला. एका फ्लॉपीवर उतरवलं, मग दुसऱ्या. बाल्कनीत अहिल्याबाईंचा जप मंद घोरत होता. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते हातातून काहीतरी सुटून गेल्यासारखं. एवढ्या दुपारीच काय त्या नुसत्या तिच्या होत्या.

ती पलंगापाशी गेली. क्षिप्राने डोळे इतके घट्ट मिटले होते की नाकावर आठ्या पडल्या होत्या.

“उघड डोळे, पिल्लू. संपलं.”

एक डोळा उघडला. “सगळं?”

“सगळं.”

दुसरा उघडला.

“मग उद्यापासून मी कशाला झोपायचं?”