बिनतारी आबा नापास झाले

सव्वाचा ठोका पडला की आमच्या मंगळवार पेठेतले बिनतारी आबा गप्प व्हायचे. सव्वानऊ असोत नाहीतर सव्वादहा, तीन मिनिटं चकार शब्द नाही. पावणेलाही तेच. मग न्हाव्याचा वस्तरा गालावर असो, की घरी आलेलं पावणं समोर ताटकळत बसलेलं असो. माझ्या बहिणीच्या लग्नात तर ऐन मंगलाष्टकात हात वर करून त्यांनी भटजींनाच "गप!" म्हणून सांगितलं. माझे वडील पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. आबांच्या ते ध्यानातही आलं नाही.

आबा वीस वर्षं मालवाहू जहाजांवर बिनतारी ऑपरेटर होते. समुद्रावर म्हणे दर तासाला दोनदा सगळी जहाजं आपापले सेट तीन मिनिटं गप्प ठेवतात. कुणी संकटात असलं तर त्याची बारीक हाक ऐकू यावी म्हणून. "आबा, पण कोल्हापुरात कोण बुडतंय?" असं मी विचारलं, की म्हणायचे, "ऐकल्याबिगर कसं कळंल, मास्तर?"

लग्न केलेलं नव्हतं. निवृत्त होऊन आले ते दोन खोल्यांत एकटेच राहिले. हौसेनं बोट बाळगणाऱ्यांना वायरलेसचं बोलणं शिकवायचे. कोल्हापुरात समुद्र नाही, पण समुद्राची हौस असलेली माणसं निघतात. आबांनी 'याला मी शिकवलंय' असं पत्र दिलं की त्या माणसाला लायसन मिळे.

शेवटचे विद्यार्थी म्हणजे जयसिंगपूरचे शिवगोंडा. तंबाखूचे व्यापारी, वय चाळीस, मालवणात एक लहानशी बोट घेऊन ठेवलेली. लायसनशिवाय खऱ्या सेटला हात लावायचा नाही, हा आबांचा कायदा. म्हणून आबा त्यांच्या गॅलरीत, शिवगोंडा समोर माझ्या गॅलरीत, आणि दोघांच्या तोंडाशी सेटऐवजी पितळी पेला. बोट बुडायला लागली की 'मेडे' म्हणून तीनदा ओरडायचं असतं. शिवगोंडांनी पहिल्याच दिवशी "मेडे, मेडे, मेडे!" अशी आरोळी ठोकली आणि खालच्या आक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कुणाकडं पेढे? पोरगा झाला व्हय?"

"ह्या आवाजाला वायरलेस कशाला?" आबा म्हणाले. "मालवणातनं नुसता वरडलास तरी मुंबईला ऐकू जाईल."

खरी अडचण शेवटच्या शब्दाची होती. आपलं बोलून झालं, आता उत्तर नको, असं सांगायला 'आऊट' म्हणायचं. शिवगोंडांच्या तोंडून तो शब्द निघेना. दरवेळी पेल्यात म्हणायचे, "बरं, येतो की मग, आबा!"

"येतो म्हणू नको! तिकडचा वाट बघत बसंल!"

"निघताना 'आऊट' असलं अभद्र कोण बोलतंय, आबा? आमच्यात न्हाय चालत."

अशी दीड महिना कुस्ती चालली. आणि मग मुंबईहून कागद आला. नियम बदलले होते. यापुढे शिकवणी फक्त मान्यताप्राप्त माणसानंच घ्यायची, आणि मान्यता हवी असेल तर शिकवणाऱ्यानंही तोंडी परीक्षा द्यायची. नाहीतर त्याचं पत्र चालणार नाही. मला संताप आला. वीस वर्षं कानाला यंत्र लावून बसलेल्या माणसाची कसली परीक्षा घेता? पण क्लास बंद झाला तर आबांच्या दारात माणूस यायचं बंद होणार होतं. हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. इस्त्रीचा सदरा घालून ते मुंबईला गेले.

नापास होऊन परत आले.

"आबा, तुम्ही? नापास?" मी ओरडलोच.

"परीक्षकानं बुडणाऱ्या बोटीचं सोंग केलं," आबा म्हणाले. "मी बोलत हुतो. मधेच त्यो गप्प झाला. मी हाका मारत ऱ्हायलो. मग त्यो म्हणाला, आता उत्तर येत न्हाय, 'आऊट' म्हणा, वहीत नोंद करा. मी न्हाय म्हणालो."

"अहो, म्हणायचं होतं! परीक्षाच ती!"

"एकदा म्हणालोय, मास्तर." आबांनी सदरा काढून खुंटीला लावला. "खरी बोट हुती. भर दुपारची गोष्ट. माणूस बोलता बोलता गप्प झाला. कप्तान म्हणाला, संपलं, बंद करा. मी 'आऊट' म्हणालो, बंद केलं. जहाज वळलं. थोड्या वेळानं सेट लावला, तर त्यो माझं नाव घेऊन हाका मारत हुता. नाव मीच सांगितलं हुतं त्याला, धीर यावा म्हणून. कप्तानाचे पाय धरले, माघारी गेलो. पाण्यावर काय न्हवतं."

मला रडू आलं. इतकी वर्षं आम्ही सगळी गल्ली या माणसाला हसत होतो.

दुसऱ्या दिवशी शिवगोंडा आले. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. आल्या आल्या आबांच्या पाया पडले आणि म्हणाले, "लायसन गेलं खड्ड्यात. मी तुमच्याकडंच शिकणार."

"येडा हायस काय? मुंबईच्या क्लासला जा," आबा म्हणाले. त्यांनी शिवगोंडांचा दंड घट्ट धरला होता. "परीक्षेत 'आऊट' म्हण, पास हो. पण पाण्यावर समोरचा गप्प झाला, तर म्हणू नको, बाबा. हाका मारत ऱ्हा."