मस्यू दुलाक यांच्या घरी भेटायला

नोव्हेंबर २००५, रविवार दुपार. फ्रँकफर्ट, आमच्याच इमारतीचा तिसरा मजला. हजर: मी, माझे मिस्टर विनायक, नाशिकहून आलेल्या सासूबाई, आणि दोन रस्ते पलीकडे राहणारे शिरीष व मृणाल पेठे. सोबत पांढरी शेवंती, चहाचा थर्मास, पिठलं-भाताचा डबा. शिवाय ज्यांच्या निधनाबद्दल आम्ही भेटायला गेलो होतो ते आमचे फ्रेंच शेजारी मस्यू दुलाक. दार त्यांनीच उघडलं.

मस्यू दुलाक अंधारात माणसं ओळखतात. आमच्या जिन्यातला दिवा बटण दाबलं की थोडा वेळ जळतो आणि आपोआप विझतो. दोन्ही हातांत पिशव्या असल्या की नेमका मधल्या वळणावर विझतो. अशा वेळी वरून खर्जातला आवाज येतो, "आणि आता, मंडळी, येत आहेत... दुसऱ्या मजल्यावरच्या... फ्राऊ कुलकर्णी!" मग शांतता. टाळ्यांसाठी सोडलेली. आवाजाची सवय झाली, त्या शांततेची मला कधी झाली नाही. दिवा लावावा तर वर कोणी नसतं. दार मात्र हळूच बंद होताना ऐकू येतं.

"या माणसाची सावली पडते का गं?" सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "एकदा बघून ठेव."

सावली पडते. मी पाहिली आहे.

फ्रान्समध्ये हा माणूस आधी रेडिओवर होता, मग टीव्हीवर. घराघरांत त्यांचा आवाज होता. आपल्याला एवढे लोक ओळखतात तर मतंही देतील, असं त्यांना वाटलं आणि ते राजकारणात उतरले. एकदा निवडून आले, दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडल्यावर टीव्हीवाल्यांनीही परत घेतलं नाही. मग बायकोच्या गावी, म्हणजे इथे आले. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. राहिला तो आवाज. पोस्टमनशी बोलताना ते मध्येच थांबून "कुठेही जाऊ नका, आमच्यासोबत राहा!" म्हणतात आणि आत जाऊन चष्मा घेऊन येतात. पोस्टमन बिचारा थांबतो.

या वर्षी शहरातल्या परदेशी रहिवाशांच्या सल्लागार मंडळाची निवडणूक आली. जर्मन पासपोर्ट नसलेल्या आम्हा लोकांना मत देता येतं ती ही एवढीच. मस्यू दुलाक उभे राहिले आणि मराठी मतांसाठी आमच्याकडे चहाला आले.

"या मंडळाला अधिकार काय असतात हो?" विनायकनी विचारलं.

"सल्ला देण्याचा."

"आणि तो ऐकायचं बंधन?"

"कोणावरच नाही," ते खुशीत म्हणाले. मग आवाज जरा उतरला. "पण निवडून आलो तर तिकडच्या पेपरात दोन ओळी येतील. आमचा जुना माणूस जर्मनीत जिंकला, म्हणून. माझी मुलगी लियाँला असते. ती पेपर वाचते."

मुलगी यांच्याशी बोलत नाही, हे त्या दिवशी कळलं. ती लहान असताना तिची प्रत्येक फजिती यांनी रेडिओवर रंगवून सांगितली. पहिलं प्रेमसुद्धा. वर निवडणुकीच्या पोस्टरवर तिला शेजारी उभं केलं. आईच्या अंत्यविधीला ती आली, फुलं ठेवली आणि यांच्याकडे न बघता गेली.

निघताना ते हॉलमधल्या फोटोपुढे थबकले. माझे सासरे. चौकटीला चंदनाचा हार.

"कोण हे?"

"माझे मिस्टर," सासूबाई मराठीत म्हणाल्या. "अजून त्यांना विचारल्याशिवाय या घरात काही ठरत नाही."

विनायकनी भाषांतर केलं. मस्यू दुलाक किती तरी वेळ फोटोकडे बघत राहिले. असा हार कुठे मिळतो, एवढंच त्यांनी विचारलं. बायकोच्या फोटोला हवा असेल असं समजून मी स्टेशनजवळचं भारतीय दुकान सांगितलं. मग "मी कायम तुमच्या बरोबर आहे" हे मराठीत कसं लिहायचं, तेही विनायककडून लिहून घेतलं. आम्हाला कौतुक वाटलं.

त्यानंतर काही दिवस जिना गप्प होता. दिवा विझायचा आणि नुसताच अंधार असायचा. शनिवारी संध्याकाळी पत्रपेटीत कागद आला. त्यावर मस्यू दुलाक यांचा काळा-पांढरा फोटो, भोवती चंदनाचा हार. खाली नाव, जन्मसाल, आणि देवनागरीत: सदैव आपल्यासोबत.

फोन लगेच वाजला. मृणाल होती. "अगं, गेले ते? मागच्या गुरुवारी तर मला ट्रॅममध्ये भेटले!"

"जिन्यात आवाज नाहीये चार दिवस," मी म्हणाले.

सासूबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. "छापलाय मात्र छान. पण छापला कोणी? घरात तर दुसरं माणूस नाही."

 कोणी का छापला असेना, भेटायला जायला हवं. मुलगी आली असेल, त्या घरात चूल पेटलेली नसेल, म्हणून मी पिठलं-भात केला. रविवारी आम्ही पाचजण वर निघालो. मधल्या वळणावर दिवा विझला.

"आणि आता," वरून घोगरी कुजबूज आली, "येत आहेत... पाच जण..."

सासूबाईंनी रामनाम सुरू केलं. शिरीषच्या हातून थर्मास सुटला आणि पायऱ्यांवर आपटत खाली गेला. मी भिंत चाचपत बटण शोधलं. दिवा लागला. दारात मस्यू दुलाक उभे होते. गळ्याला लोकरी मफलर, प्रचाराने घसा बसलेला.

आम्ही का आलो ते विनायकनी सांगितलं. तो कागद म्हणजे मराठी मतांसाठीचं प्रचारपत्रक होतं; फोटोला हार कोणाच्या घालतात तेही सांगितलं. मला वाटलं, माणूस शरमेने कोसळेल. ते मात्र उजळले.

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी आलात? सगळे? बसा, बसा!" आम्हाला ओळीने सोफ्यावर बसवलं, स्वतः समोर स्टुलावर बसले. "काय बोलणार होतात? बोला की. मी ऐकतो."

"अहो, आता कसं..." मृणाल पुटपुटली.

"मी मध्ये बोलणार नाही."

शिरीषने घसा खाकरला. "माणूस... म्हणजे... आवाजाने फार मोठा होता."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" मयत म्हणाले. "पुढे?"

"एकदा माझी पिशवी वर आणून दिली होती," सासूबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "न सांगता. दाराशी ठेवून गेला."

हे भाषांतर ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. काळ्या-पांढऱ्या फोटोतल्यासारखाच चेहरा. विनायकनी माझ्या कोपराला धरलं.  मग मी डबा उघडला आणि मस्यू दुलाक यांनी स्वतःच्या दुखवट्याचा पिठलं-भात दोनदा मागून घेतला.

बाकीचे उतरल्यावर मी डबा धूत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांनी फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी पुढे केली.

"लियाँचा आहे. तुम्ही फोन करा. सांगा, मी गेलो."

"काहीतरीच काय!"

"आईसाठी आली होती ती. उभ्याउभ्या का होईना. येईल."

"आणि आल्यावर? दार कोण उघडणार?"

त्यांनी चिठ्ठी नळाशेजारी ओट्यावर ठेवली. 

"मी खोटं सांगणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही आहात, बरे आहात, तिची आठवण काढता, एवढं सांगेन."

"त्याने ती येणार नाही," ते म्हणाले. रेडिओचा नाही, साध्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. मी तो पहिल्यांदाच ऐकला.

निवडणुकीत ते पडले. पेपरात ओळ आली नाही.

मयताची बातमी कशी कळवायची ते मला नीट येतं. आधी समोरच्याला बसायला सांगायचं, घरात आणखी कोण आहे विचारायचं, मग थोडक्यात सांगायचं. माणूस जिवंत आहे, तिसऱ्या मजल्यावर आहे, ये, हे कसं कळवतात? दोनदा नंबर फिरवला, वाजायच्या आत ठेवून दिला. आजची बाकी कामं झाली आहेत. लियाँचा फोन राहिला आहे.