नऊ किलोंचा पुरावा

सासूबाईंनी वनस्पतिजन्य कॅप्सूलची बाटली मागवली. वजन आणि रक्तदाब अशी दोन्ही प्रकरणं ती निकालात काढणार होती. बाटलीवर हिरवं पान छापलेलं, त्यामुळे दुष्परिणामांना आत शिरायला वाव नव्हता.

आमचं बाळ वजनकाट्यावर ठरत नाही. म्हणून दर रविवारी सासूबाई आधी त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभ्या राहतात, नंतर एकट्या. वजाबाकी म्हणजे बाळ. मी फ्रिजवरच्या कागदावर लिहिते: आधी एक्याऐंशी, नंतर बहात्तर.

पंधरवड्याने कॅप्सूलच्या कंपनीच्या आरोग्य सल्लागाराने ‘प्रगतीचा पुरावा’ मागितला. सासूबाईंनी याच कागदाचा फोटो धाडला. दुसऱ्या दिवशी त्या ‘प्रेरणादायी सदस्य’ झाल्या, प्रमाणपत्रासकट जाहिरातीत झळकल्या.

मी कंपनीला फोन लावला. “अहो, ते नऊ किलो म्हणजे माझं बाळ आहे!”

“ताई, आमच्याकडे आधी आणि नंतर एवढेच रकाने आहेत. बाळाचा रकाना नाही.”

“मग नोंद रद्द करा.”

“मंजूर झालीय. घटलेलं वजन परत वाढवायचं तर सदस्याची लेखी विनंती लागेल.”

सासूबाई कसली विनंती करतायत! “सगळे नऊ नसतील गं, पण त्यात थोडं तरी माझं असेलच की,” म्हणाल्या, आणि डॉक्टरांची रक्तदाबाची गोळी बंद केली. प्रेरणादायी माणसाला ती शोभत नव्हती. रक्तदाब एकशे नव्वदवर गेला. सल्लागाराने ही ‘शुद्धीकरणाची खूण’ ठरवून कॅप्सूल दुप्पट केल्या.

गुरुवारी ओट्यापाशी त्यांना भोवळ आली. कडेवर बाळ होतं. बाळाला मी झेललं. सासूबाईंना झेलायला हात उरले नाहीत.

कपाळाला चार टाके पडले. डॉक्टरांनी जुनी गोळी पुन्हा सुरू केली आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, “थोडक्यात वाचल्या.” परत आले तर शेजारच्या खाटेवरच्या बाई टक लावून बघत होत्या.

“अगंबाई, जाहिरातीतल्या नऊ किलोवाल्या ना तुम्ही?”

सासूबाईंनी पहिल्यांदाच खरं सांगितलं. “ते नऊ किलो हे बघा,” म्हणत बाळाकडे बोट दाखवलं.

बाई खळखळून हसल्या. बाळाचा गालगुच्चा घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “ते कळलं हो. पण एक बाटली किती दिवस पुरते?”

तुम्ही हसू नका. बाटलीचं नाव मी मुद्दामच कुठे लिहिलेलं नाही, आणि तुम्ही ते दोनदा शोधलंत.