आर्डनचं न मिटणारं छत

"एवढ्याशा छतासाठी माणूस बोलवायचा? मग मी काय मेलोय का?" असं आर्डन टॉलेफसन सोमवारी सकाळी बायकोला म्हणाला. हे वाक्य ध्यानात ठेवा. शुक्रवारी त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

आर्डनचं सगळं आयुष्य मिनेसोटात, गावच्या धान्याच्या कोठारावर यंत्रं सांभाळण्यात गेलं. त्यामुळे जगात जे जे फिरतं, सरकतं किंवा कुरकुरतं, ते आपल्याला कळतं अशी त्याची पक्की समजूत. निवृत्त झाल्यापासून तो आणि बायको डेलोरिस दर हिवाळ्यात बर्फाला पाठ दाखवून मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन ॲरिझोनाला येतात आणि आमच्या वाळवंटातल्या मोटारहोम-पार्कात मुक्काम ठोकतात. गाडीच्या कुशीला एक कापडी छत आहे. पट्टा ओढला की ते नळीवरून उलगडत बाहेर येतं आणि दोन लोखंडी हातांवर उभं राहतं. मिटायचं असेल तर नळीच्या टोकाचा खटका फिरवायचा, मग आतली स्प्रिंग ते परत गुंडाळून घेते. यंदा त्या हातांतून किरकिर यायला लागली होती, एवढंच.

छताच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं की कापड साध्या साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि सांध्यांवर दुकानात मिळणारा कोरड्या वंगणाचा फवारा मारा. यातलं साबणाचं आर्डनला पटलं. फवाऱ्यासाठी गावात जाऊन पैसे घालवणं काही पटलं नाही. तेल ते तेल, असं म्हणून त्याने डेलोरिसचा तव्यावर फवारायच्या तेलाचा डबा उचलला आणि हातांवर, सांध्यांवर, खटक्यावर सढळ हाताने फवारला. छत उघडताना लोण्यासारखं सरकलं. आर्डन दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत होता.

मग वाळवंटातला वारा सुटला. तेलावर धूळ बसली, धुळीवर ऊन बसलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सांध्यांवर भज्याच्या पिठासारखा जाड थर चढून तो भाजूनही निघाला. खटका 'उघडा'वर जो अडकला तो हलेना. वर दुपारी ऊन तापलं की सगळ्या छताला धिरड्यांचा वास सुटायचा. पार्कातली झाडून सगळी कुत्री येऊन खांबाशी बसू लागली.

कुत्र्यांचं एक वेळ चाललं असतं, पण आमच्या पार्कात छत उघडं म्हणजे 'आम्ही घरी आहोत, या बसायला'. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. छत मिटलेलं असलं की कुणी दार वाजवत नाही. ऐन हंगामात दिवसाढवळ्या मिटलेलं दिसलं, तर माणसं एकमेकांना हळूच विचारतात की काही बरंवाईट तर नाही ना. आणि आर्डनचं छत तर रात्रंदिवस उघडं! मांडव घातलाय म्हटल्यावर वऱ्हाड यायचंच. लोक आपापल्या खुर्च्या घेऊन येऊ लागले आणि जाताना त्या तिथेच ठेवू लागले. पलीकडच्या व्हर्नाने दांडीला फुलांच्या कुंड्या टांगल्या, कुणी दिव्यांची माळ सोडली. पत्त्यांचा अड्डा क्लबघरातून उठून आर्डनच्या दारात आला, कारण तिथे सावलीही होती आणि डेलोरिसची कॉफीही.

मिनेसोटाचा माणूस पाहुण्याला 'आता निघा' असं म्हणू शकत नाही. तिकडे 'चला, निघतो' म्हटल्यावरसुद्धा खुर्चीपाशी एकदा, पायरीपाशी एकदा आणि रस्त्यावर एकदा गप्पा होतात, तेव्हा कुठे माणूस जातो. डेलोरिस कॉफी करून थकली, हसून थकली आणि हात हलवून निरोप देऊन तर फारच थकली. शुक्रवारी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. काय हवं, असं आर्डनने विचारलं, ती 'काही नको' म्हणेल अशा भरवशावर.

"अंगठी नको, पार्टी नको," डेलोरिस म्हणाली. "संध्याकाळी आपण दोघंच बसून जेवू. तिसरं माणूस नको."

आर्डनने शब्द दिला. बायकोने इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि ते कुठल्याच दुकानात मिळणारं नव्हतं.

तर खटका अडकला त्या मंगळवारीच शेजारचा रॉइस आला होता. हा टेक्सासचा. आवाज असा की पत्र्यावर दगड पडल्यासारखा, पण हत्यारांची पेटी मोठी आणि मन त्याहून मोठं. शिडीवर चढलेल्या आर्डनला तो म्हणाला, "हात लावू का? एकाने नळी धरायची, एकाने खटका सोडवायचा. दोघांचं काम आहे हे."

आर्डनचा जीव भांड्यात पडला. म्हणूनच तो म्हणाला, "छे छे, तुला कशाला उगाच त्रास?"

आता हे समजून घ्या. मिनेसोटात पहिल्यांदा विचारतात ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा प्रेम म्हणून, आणि तिसऱ्यांदा विचारतात ते खरं. दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा अनमान करत हो म्हणायचं, हे तिकडचं लेकरूसुद्धा दुधाबरोबर शिकतं. आपल्याकडे पंगतीत पानावर हात आडवा धरणारा माणूस खरं तर जिलबीची वाट बघत असतो, तसंच. पण रॉइस म्हणाला, "बरं," आणि गेला. आर्डन शिडीवर तसाच उभा राहिला. हा आत्ता वळेल, मग विचारेल. पलीकडे रॉइसचं दार लागलं आणि आतून टीव्हीचा आवाज यायला लागला.

"'बरं' म्हणून गेला," आर्डनने आत येऊन बायकोला सांगितलं. त्याला खरोखरच लागलं होतं.

बुधवारी मिल्टन आला. हा मात्र आर्डनच्याच मुलखातला, मिनेसोटाचा. त्याने व्यवस्थित तीनदा विचारलं, आर्डनने व्यवस्थित दोनदा नको म्हटलं, आणि दोघांना फार बरं वाटलं. फक्त मिल्टन आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवत होता. त्याने शिडी धरली आणि आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत पहिल्यापासून सुरू केली. मग आर्डनने खटक्यावर हातोडी मारायची आणि त्याच वेळी मिल्टनने पट्टा खेचायचा, असं ठरलं. मिल्टनने अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. पट्टा तुटून त्याच्या हातात आला आणि तो मागच्या मागे व्हर्नाने आणलेल्या लिंबाच्या वड्यांच्या ताटात बसला. छत जागचं हललं नाही. तेवढ्यात समोरून जाणाऱ्या रॉइसने विचारलं, "काय, जमतंय ना?"

"चाललंय," आर्डन म्हणाला. मिनेसोटात याचा अर्थ 'वाचवा' असा होतो. रॉइस 'छान' म्हणून अंगठा उंचावून पुढे गेला.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचा पाहुणा रस्त्यापर्यंत पोहोचवून आर्डन आत आला, तर डेलोरिस भांडी तशीच टाकून टेबलाशी बसली होती. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"कोठारावर होतास तेव्हा हंगामात तू यायचास आणि मी झोपलेली असायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, निवृत्त झाला की बोलू. आता घरात असतोस तर अख्खा पार्क मांडीवर घेऊन. मी तुझ्याशी बोलायचं तरी कधी, आर्डन?"

 त्याला तिची फार दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि तेलाचा तो डबा डोळ्यांसमोर आला. त्याने उठून भांडी घासली.

शुक्रवारी सकाळी सगळा पार्क जुन्या वस्तूंच्या बाजाराला जातो. रॉइस तेवढा जात नाही, त्याला गर्दी आवडत नाही. आर्डन त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. हवेबद्दल बोलला, डिझेलच्या भावाबद्दल बोलला, त्याच्या कुत्र्याची तब्येत विचारली. मग कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, "मला मदत हवी आहे."

"मग मंगळवारी नाही का म्हणालास?"

"मी नाही म्हणालो नव्हतो. मी पहिल्यांदा नाही म्हणालो होतो."

रॉइसने डोकं खाजवलं. "तुमच्याकडे माणसांची लग्नं तरी कशी जमतात रे?"

"डेलोरिस तिसऱ्यांदा हो म्हणाली," आर्डनने खरं ते सांगितलं.

दोघांनी आधी छतावरचा संसार उतरवला. कुंड्या व्हर्नाच्या पायरीवर नीट मांडल्या, दिव्यांची माळ गुंडाळून ज्याची त्याच्याकडे ठेवली, खुर्च्या पुसून आपापल्या दारात पोहोचत्या केल्या. मग गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुने दातांचे ब्रश घेऊन ते भजं खरवडून काढलं, फडक्याने कोरडं केलं, रॉइसकडचा कोरडा फवारा मारला, नवा पट्टा बसवला. रॉइसने नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली, आर्डनने खटका फिरवला, आणि छत सळसळत वर जाऊन गाडीला चिकटलं. दुपारच्या जेवणापूर्वीच काम संपलं. रॉइस घरी जाऊन झोपला आणि आर्डनने टोपी काढून क्षणभर छातीशी धरली.

संध्याकाळी पाचला, म्हणजे आमच्या जेवणाच्या वेळेला, टॉलेफसनांच्या गाडीचे पडदे ओढलेले होते. टेबलावर मिनेसोटाच्या तळ्यातला, बर्फात घालून आणलेला मासा होता, उकडलेले बटाटे होते, मेणबत्ती होती. डेलोरिसने कानात मोत्यांचे डूल घातले होते. बाहेर एकही खुर्ची नव्हती. आर्डनने घसा साफ केला. त्याला तिला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते काय ते त्याला चक्क सुचलंही होतं.

दार वाजलं.

पायरीवर व्हर्ना उभी होती, हातात बटाट्याच्या गोळ्यांचं वाफाळतं भांडं. तिच्या मागे सगळा पार्क, प्रत्येकाच्या हातात झाकलेलं काहीतरी. मिल्टनने टोपी काढलेली होती आणि डोळे पुसले होते.

"अगंबाई," व्हर्ना म्हणाली, "तू आहेस?"

"आहे की."

"आणि डेलोरिस?"

"तीही आहे. जेवतेय."

"ऐन हंगामात छत बंद, पडदे बंद," व्हर्ना म्हणाली. "वर लोकांच्या वस्तू परत केलेल्या. माझ्या कुंड्या पायरीवर बघितल्या आणि मी म्हटलं, संपलं. आवराआवर चाललीये. दुपारपासून रांधतोय रे आम्ही." तिने भांड्याकडे बघितलं. आर्डन जिवंत असल्याचा आनंद तिला झालाच होता, पण इतका स्वयंपाक वाया गेल्याची हळहळही चेहऱ्यावर होती. मिल्टनने खिशातला भाषणाचा कागद हळूच आणखी आत सरकवला.

आर्डनच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आत या ना."

"छे छे, तुमचं जेवण चाललंय," व्हर्ना म्हणाली.

"या की, थोडं थोडं खाऊ," हेही निघूनच गेलं.

"नको नको, आम्ही निघालोच." असं म्हणून सगळा पार्क किंचित पुढे झुकून थांबला. व्हर्नाचं एक पाऊल पायरीवर आलंसुद्धा होतं.

आर्डनने मागे वळून बघितलं. डेलोरिस काटा हातात धरून त्याच्याकडे बघत होती.  तिसरं आमंत्रण आर्डनच्या जिभेच्या टोकावर होतं, आजवरच्या सगळ्या टॉलेफसनांनी ते मागून ढकलत आणलं होतं. आर्डनने तोंड मिटलं आणि मिटलेलंच ठेवलं. आयुष्यात इतकं धाडस त्याने कधी केलं नव्हतं. व्हर्ना थोडा वेळ थांबली, मग तिने पाऊल मागे घेतलं.

तेवढ्यात गर्दीच्या मागून पत्र्यावर दगड पडल्यासारखा आवाज आला. "तो या म्हणतोय ना? मग या की!" झोपेतून उठून रॉइस आला होता. त्याला एकदा म्हटलेलं पुरतं, नाहीही आणि होही. तो सरळ वाट काढत आत शिरला, मेणबत्तीपाशी बसला आणि बटाटे कुणी केलेत म्हणून विचारू लागला.

"आता रॉइस गेलाच आहे तर," व्हर्ना म्हणाली आणि तिच्या मागोमाग मिल्टन, भांडी, खुर्च्या, कुत्री. आत पाय ठेवायला जागा उरली नाही. रॉइसने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आर्डन, छत उघड रे! आता काही अडत नाही त्याचं."

खरंच अडलं नाही. आर्डनने पट्टा ओढला आणि ते बिनतक्रार बाहेर आलं. दुसऱ्या टोकाचा हात उभा करायला कुणीतरी न विचारताच पुढे झालं होतं. ती डेलोरिस होती, मोत्यांच्या डुलांसकट. आर्डन तिला काही म्हणणार, तेवढ्यात तिनेच त्याच्या दंडावर हात ठेवला.

"पुढच्या वर्षी," ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "अंगठीच घे."