वानखडे साहेब पानं मोजतात

काम झटपट झालं की माणसं खूश होतात. वानखडे साहेबांना संशय येतो.

मी त्यांच्या हाताखाली लागले त्याच आठवड्यातली गोष्ट. माझा पहिलावहिला रिपोर्ट चुटकीसरशी पडद्यावर आला आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. पाठीमागून आवाज आला, "पानं किती?"

"दोनच, साहेब."

"कागदाची नाही विचारून राहिलो, बाई. या दोन पानांसाठी मशीननं किती पानं उलटली?"

मला काय ठाऊक! रिपोर्ट आला, आकडे बरोबर होते, आता मशीनने पानं उलटली काय आणि कोलांट्या मारल्या काय. पण साहेब तिथून हलेनात.

सुरतेबाहेर इच्छापोरला आमचा धाग्याचा कारखाना. त्यात काचेची एक खोली, बाहेर चपलांची रांग, आत एसी आणि एसीच्या गारव्यात आमचा सर्व्हर. सुरतेच्या भर एप्रिलात बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर घालून फिरणारा माणूस दिसला तर ते आमचे साहेब समजावं. गुलाबराव वानखडे, अकोल्याकडचे. उंच, किडकिडीत, आवाज मऊ. सुरतेत इतकी वर्षं काढून गुजराती फर्डं बोलत, पण मशीनविषयी काही सांगायचं झालं की थेट वऱ्हाडात शिरत.

आणि मी ज्योती, भुसावळची. देवाने मला सगळं दिलं, धीर तेवढा द्यायचा राहिला. समोरचा बोलायला लागला की त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकते. अशा बाईला असा साहेब मिळाला, नशीब दुसरं काय!

तर ही पानांची भानगड अशी. डेटाबेसमधली माहिती डिस्कवर पानापानांनी ठेवलेली असते. हवं ते पान मेमरीत आधीच आलेलं असेल तर मशीन तिथूनच वाचतं, नसेल तर डिस्कवर जाऊन आणतं. एक हुकूम टाइप केला की प्रत्येक कामाखाली हिशेब उमटतो: एकूण किती पानं वाचली, ती लॉजिकल, त्यांतली किती डिस्कवरून आणावी लागली, ती फिजिकल. कंपनीत हे आकडे बघणारा जीव एकच.

"भाजी कराले किती डबे उघडले, ते लॉजिकल," साहेब सांगत. "त्यातले किती माळ्यावर चढून काढले, ते फिजिकल. मले टाइम नका सांगू. टाइम काय, मशीन मोकळं असलं की कमी लागते, गर्दी असली की जास्त. डबे सांगा."

हा माणूस काचेच्या खोलीबाहेरही असाच. कँटीनचे स्वयंपाकी महाराज मीठ शोधायला एकेक डबा उघडून बघत, तेव्हा साहेब खिडकीत उभे. "महाराज, सगळेच डबे खोलून राहिले तुम्ही!" महाराज खवळले, "तमे तमारुं मशीन संभाळो ने!" पण काही दिवसांनी महाराजांच्या डब्यांवर चिठ्ठ्या दिसल्या, आणि साहेबांच्या ताटात न मागता जास्तीची पोळी पडायला लागली.

एकदा मी किल्लीसाठी पर्स उपसत होते. रुमाल, कंगवा, डोकेदुखीच्या गोळ्या, भावाच्या लग्नाची उरलेली पत्रिका, सगळं टेबलावर. साहेब कळवळले. "बाप्पा! पुरा टेबल स्कॅन! बाई, एक कप्पा किल्लीचा ठेवा न. त्यालेच इंडेक्स म्हणते." तेव्हा मी फणकारले, पण किल्ली आजही त्याच कप्प्यात असते, खोटं कशाला बोलू.

एवढा कामात मुरलेला माणूस, पण साडेपाचची कंपनीची बस म्हणजे बस. सव्वापाच झाले की स्वेटर उतरायचा, चपला पायात, साहेब फाटकाशी. मग आभाळ कोसळो. अकाउंट्सवाले खिदळत, "वानखडेभाई, नवां नवां लगन छे के?" साहेब हसत आणि चालू लागत.

ती बसच एकदा धोक्यात आली. नवे जनरल मॅनेजर आले, मेहता साहेब. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईचा. माझ्याच जातकुळीतला म्हणा ना. त्यांनी फर्मान काढलं, दिवसाचे शेवटचे ट्रक गेले की कुठल्या लॉटचा किती माल उरला याचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी टेबलावर हवा. आता ट्रकांच्या नोंदी संपायच्या पाच वाजता आणि तो रिपोर्ट चालायचा जवळजवळ तीन तास. आजवर म्हणूनच तो दुसऱ्या दिवशी सकाळी काढत असू.

"तो आठ वाग्या सुधी बेसो," मेहता साहेब सहज म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून रोज आठपर्यंत."

वानखडे साहेबांचा चेहरा उतरला. "साहेब, बस..."

"घरे शुं छे एवुं? काय आहे घरी एवढं?"

वानखडे साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मी बसते म्हटलं, तर बाईमाणसाला इच्छापोरला आठपर्यंत ठेवायला मेहता साहेब तयार होईनात. शेवटी वानखडे साहेब हळूच म्हणाले, "मले शनिवारपर्यंत द्या. रिपोर्ट बसच्या आधी निघाला तं सोडा. नाही तं बसतो."

त्या आठवड्यात मी हिरिरीने त्यात हात घातला. रिपोर्टात दोन-चार बदल केले, चालवला, आणि काय सांगू! अर्ध्याहून कमी वेळात हजर. मी ओरडलेच, "साहेब, बस मिळाली!"

ते आले, त्यांनी हिशेब बघितला. फिजिकल शून्य. मी आणखी फुगले. त्यांनी शेजारच्या आकड्यावर बोट ठेवलं. लॉजिकल होतं तिथंच, एक पान इकडचं तिकडे नाही.

"बाई, सकाळपासून तुम्ही हेच चालवून राहिल्या. माळ्यावरचं सगळं सामान ओट्यावर येऊन पडलं, म्हणून आता पटपट सापडते. पण डबे तेवढेच उघडले न? आपण पाच वाजता चालवू, तोवर दिवसभरात लोकं दुसरंच सामान ओट्यावर आणतीन. की पुन्हा माळा."

माझा फुगा फुटला. पण खरी खोट त्यांना त्याच हिशेबात दिसली होती. तिथे आणखी एक आकडा असतो, टेबल म्हणजे नोंदींचा तक्ता कितीदा चाळला त्याचा. आमचा रिपोर्ट प्रत्येक लॉटसाठी मालाच्या पाठवणीचं अख्खं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होता. एका लॉटचं झालं की दुसऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. "हे म्हणजे जिरं पाहाले घरभर, मोहरी पाहाले घरभर," साहेब म्हणाले. त्यांनी लॉट नंबरावर इंडेक्स बांधला, रिपोर्टाची मांडणी उलटी केली, टेबल एकदाच चाळलं जाईल अशी.

शनिवारी त्यांनी मेहता साहेबांना काचेच्या खोलीत बोलावलं. मेहता साहेब मोज्यांवर उभे. वानखडे साहेबांनी सर्व्हर चक्क बंद केला आणि परत चालू केला. मेमरी कोरी झाली, ओटा रिकामा. अहो, गरम मशीनवर दाखवलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण नाही! "थंड्यावर दाखवतो. उद्या म्हणायले नको, ओट्यावर होतं."

मेहता साहेबांचा चहा संपायच्या आत रिपोर्ट निघाला. त्यांनी कागद बघितला, सर्व्हरकडे बघितलं, आणि तो घाईचा माणूस हसून म्हणाला, "वानखडेभाई, केटलां पानां?"

मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. बस वाचली होती.

त्या दिवशी साहेब फाटकाशी थांबले. "बाई, चाला आज घरी. मालती लय दिवसांची म्हणून राहिली, तुमाले आणा म्हणून." इतक्या वर्षांत त्यांनी कुणालाच घरी नेलं नव्हतं. बसने स्टेशन, तिथून शटल रिक्षाने भेस्तान. पहिल्या मजल्यावरच्या दारात शेजारच्या खान्देशी मावशी पदर खोचून तयारच होत्या. "उनात का भाऊ? मी जास, मना डबा बाकी शेत," म्हणत त्या घाईने उतरल्या. लूमवर, म्हणजे मागावर जाणाऱ्या माणसांचे डबे त्या करत, ते व्हायचे राहिले होते. दिवसभर साहेबांच्या बायकोजवळ त्या असत, साहेब येईपर्यंत.

मालतीवहिनी खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निपचित. लकवा होऊन बरीच वर्षं झाली, साहेबांनी सांगितलं. चालणं थोडं आलं, शब्द मात्र शोधावे लागतात.

"ही कोण आली, सांग बरं," साहेब समोर बसत म्हणाले. "रोज सांगतो न तुले हिच्याबद्दल."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. "वंदना... नाही. शोभा... नाही. पुष्पा..." बहिणी झाल्या, नणंदा झाल्या, शाळेतल्या मैत्रिणी सुरू झाल्या. एकेक नाव घ्यायचं, मान हलवायची, पुढे जायचं. माझ्या जिभेवर माझंच नाव सळसळत होतं. मी तोंड उघडलं.

साहेबांनी हात वर केला. "चालू द्या."

मी पर्समध्ये किल्ली शोधताना कळवळणारा हा माणूस! हातातल्या चहावर साय धरली तरी बायकोच्या तोंडाकडे बघत बसला होता, जगात दुसरं काही काम नसल्यासारखा. आणि कितीतरी नावांनंतर वहिनी थांबल्या, डोळे चमकले. "ज्योती."

"हो," साहेब म्हणाले. एवढंच.

निघताना दारात मी चेष्टेनेच विचारलं, म्हणजे रडू येऊ नये म्हणून. "साहेब, पानं किती झाली?"

"घरी नाही मोजत, बाई," ते म्हणाले. "म्हणून तं तिथं मोजतो."

आतून वहिनींचा आवाज आला. "दिगंबर... प्रभाकर..."

"तिचे भाऊ," साहेब हसले. "जन्मभर मले 'अहो' म्हणत आली. आता डॉक्टरनं सांगितलं, नावानं हाक माराले लावा."

"मग जा ना आत!"

"येऊ द्या न तिले माझ्यापर्यंत."

मी जिना उतरले. खाली मला न्यायला आलेला रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याला म्हटलं, थांब जरा. वर दारातल्या उजेडात साहेब चौकटीला हात लावून उभे होते. नावं येत होती, जात होती. मी, जिला धीर नाही, ती तिथेच मान वर करून उभी राहिले.

"गुलाब..."

"ओ! आलो, आलो," साहेब म्हणाले, आणि आत गेले.