जवळच्या नातेवाइकाची सही

रुग्णालयाचा संमतिअर्ज कंपाउंडरांनी तीन वेळा वाचला, आणि तिन्ही वेळा ते अकराव्या रकान्यापाशी येऊन थांबले. 'जवळच्या नातेवाइकाची सही' असे तिथे छापले होते आणि त्याखाली, 'रुग्णाशी नाते'. वरचे दहा रकाने त्यांनी आपल्या कोरीव अक्षरात भरले होते. दवाखान्याच्या औषधखिडकीमागे चाळीस वर्षे डॉक्टरांची गिचमिड वाचण्यात गेल्यामुळे स्वच्छ अक्षराविषयी त्यांच्या मनात एक प्रकारची भक्तीच होती. अकरावा रकाना मात्र आजवर त्यांची थोरली बहीण भरत आली होती. अपेंडिक्सच्या वेळी तिने भरला, मोतीबिंदूच्या दोन्ही वेळा तिने भरला. दोघांनीही लग्न केले नव्हते. बहीण गेल्या हिवाळ्यात वारली, आणि आता हर्नियाची वेळ आली होती.

"काका, इथे सही राहिली," खिडकीतली बाई म्हणाली.

"नातेवाईक वारले."

"सगळे?"

"होते तेवढे."

बाईने पेन खाली ठेवले. तिचा स्वभाव वाईट नव्हता. नियम वाईट होता. "पंधरा दिवसांनंतरची तारीख देते. तोवर कुणीतरी बघा. सहीशिवाय आत घेत नाहीत हो."

खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने हा वृत्तान्त ऐकला तेव्हा त्याने मशीन थांबवले. "त्यात काय एवढं? मी करतो सही. तीस वर्षं तुमच्या विजारी शिवतोय. तुमच्या कमरेची माहिती डॉक्टरपेक्षा मला जास्त."

"आणि नाते काय लिहाल?"

"शेजारी."

"रकान्यात नाते विचारले आहे, अंतर नव्हे," कंपाउंडर म्हणाले आणि जिना चढून वर गेले. वर गेल्यावर आपण फार तुटक बोललो असे त्यांना वाटले. पण तसे वाटल्याचे सांगायला परत चार पायऱ्या उतरणे त्यांच्याने कधीच झाले नव्हते.

बहिणीची ट्रंक त्यांनी त्या दुपारी प्रथमच उघडली. तळाशी, जुन्या पंच्यात गुंडाळलेले, आजोबांचे एक बंद पाकीट होते. त्याविषयी ते लहानपणापासून ऐकून होते. आजोबा टपाल कचेरीत मोठे अधिकारी होते असे घरात सांगत, आणि ते पाकीट त्यांनी मरताना वडिलांच्या हाती देऊन 'जपून ठेव' एवढेच म्हटल्याचेही सांगत. वडिलांनी जपले, बहिणीने जपले. दुसऱ्याच्या नावाचे पत्र उघडू नये हा घराचा दंडक असल्यामुळे दोघांपैकी कुणीही ते उघडले नव्हते. पाकिटावर पत्ता होता, तिकीट नव्हते. कंपाउंडरांनी दंडकाची मनोमन क्षमा मागितली, किटलीच्या वाफेवर पाकीट धरले आणि डिंक सुटल्यावर आतला कागद चिमट्याने बाहेर काढला.

'चिरंजीव चिमीस आशीर्वाद. तू शाळेत जाऊ लागल्याचे कळले, तेव्हा हे पत्र तुलाच लिहीत आहे. आईला वाचून दाखव. मी बरा आहे. खोकला आहे, पण तो जुनाच. वीस तारखेला तीन दिवसांची सुट्टी मिळते आहे, तेव्हा नक्की येतो. तुझ्यासाठी लाल पट्ट्यांच्या चपला घेतल्या आहेत. माप अंदाजाने घेतले; पाय वाढला असेल तर रागावू नको. इथे फार एकटे वाटते, ही ओळ आईला वाचून दाखवू नको. तुझा बाबा.'

अक्षर आजोबांचे होते, यात शंकेला जागा नव्हती. आजोबांची घरगुती औषधांची वही कंपाउंडरांपाशी होती. भिंग घेऊन त्यांनी दोन्ही अक्षरे ताडून पाहिली आणि सतरा साम्ये काढली. तारीख सदुसष्ट वर्षांपूर्वीची, नऊ तारीख. म्हणजे आजोबांना परगावी एक संसार होता, तिथे चिमी नावाची मुलगी होती, आणि ती हयात असेल तर कंपाउंडरांना एक आत्या होती.

"अहो, आजोबांची अब्रू काढताय!" शिंपी म्हणाला.

"अब्रूला सही करता येत नाही."

"पण तुम्हीच सांगता, आजोबा रोज सातच्या ठोक्याला घरी जेवायला असत. मग त्यांना एकटं कशानं वाटायचं?"

"दोन घरे सांभाळणारा पुरुष दोन्हीकडे हेच सांगतो. सुट्टी मिळत नाही, प्रकृती बरी नाही, एकटे वाटते. हे सगळे बहाणेच आहेत, आणि बहाणे आहेत म्हणूनच संबंध सिद्ध होतो."

नोकरीत असताना ज्यांनी दवाखान्यातल्या नर्सशी चहा पिणाऱ्या डॉक्टरालाही खडसावले होते, ते कंपाउंडर स्वतःच्या आजोबांचे दुर्वर्तन इतक्या आनंदाने मांडत होते की शिंप्याला पुढे वाद घालवेना. त्याने त्यांच्या कोटाचे सैल झालेले बटण मात्र न विचारता पक्के करून दिले.

पत्रात एकच उणीव होती. 'तुझा बाबा' या शब्दांखाली निळसर शाईचा एक ओंगळ डाग पडला होता. आत्याच्या हाती असा डागाळलेला कागद देणे कंपाउंडरांना प्रशस्त वाटले नाही. त्यांनी ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण केले, कापसाचा बोळा भिजवला आणि अर्धा तास खपून तो डाग इतका निर्मळ काढला की आयुष्यभरात इतके नाजूक काम आपल्या हातून झाले नसेल असे त्यांना वाटले.

पाकिटावरच्या गावी बसने चार तास लागले. पत्त्यात 'खाटांच्या कारखान्यामागे, तिसरे घर' अशी खूण होती. कारखान्याच्या जागी आता गोदाम होते. पण मागची गल्ली होती, आणि तिसऱ्या घराच्या ओट्यावर एक पन्नाशीचा वेल्डर खिडकीचे गज जोडत होता.

"चिमी या नावाच्या बाई इथे राहतात काय?"

वेल्डरने डोळ्यांवरचा चष्मा वर केला. त्याच्या आईला ह्या नावाने हाक मारणारे शेवटचे माणूस वीस वर्षांपूर्वी गेले होते. "तुम्ही कोण?"

"मी तुमचा मामेभाऊ," कंपाउंडर म्हणाले, आणि इतके दिवस तोंडात घोळवलेला तो शब्द बाहेर पडताच त्यांनी आपोआप दोन्ही हात पुढे केले.

वेल्डरने मात्र केले नाहीत. "आईला भाऊ नव्हता."

"सावत्र होता. माझे वडील."

"अच्छा." वेल्डरने गज खाली ठेवला. "किती हिस्सा पाहिजे?"

"कशाचा?"

"घराचा! दुसरं काय आहे आमच्याकडे? पंचाहत्तरीला आलेल्या बाईला एकाएकी भाचा फुटतो तो कशासाठी? काका, मागच्याच वर्षी त्या गोदामवाल्यानंही एक चुलता उभा केला होता."

"मला सही हवी आहे."

"तेच म्हणतोय मी! सही मिळणार नाही."

कंपाउंडरांनी मग हर्निया, अकरावा रकाना आणि बहीण हे सगळे क्रमाने सांगितले. वेल्डर ऐकून घेत होता. पण गोष्ट जितकी साधी होत गेली तितका त्याचा संशय वाढत गेला. अखेर त्याने मुलीच्या वहीतला कागद फाडून आणला. "आधी लिहून द्या. नातं असलं तरी घरावर हक्क सांगणार नाही म्हणून. मग आईला भेटा. बाजारात गेलीय, येईल आता."

कंपाउंडरांनी ओट्याच्या कडेवर बसून लिहिले: 'मी, या घरच्या आईचा सख्ख्या रक्ताचा भाचा व वेल्डर यांचा मामेभाऊ, असे लिहून देतो की...' 'भाचा' आणि 'मामेभाऊ' हे शब्द त्यांनी गरज नसताना चार-चार वेळा घातले. आपण कुणाचे तरी आहोत हे कागदावर यावे, मग ते सर्व हक्क सोडून देण्याच्या निमित्ताने का असेना, एवढे त्यांना पुरेसे होते. सही करून त्यांनी विचारले, "याची एक नक्कल मला मिळेल काय?"

"मिळेल की, दादा," वेल्डर म्हणाला. कागद खिशात गेल्यावर काकाचा दादा झाला होता.

एवढ्यात म्हातारी आली. बुटकी, ताठ, आणि डोळ्यांनी जवळजवळ गेलेली. भाजीची पिशवी ठेवून तिने आवाजाच्या रोखाने मान वळवली. मुलाने दोन वाक्यांत सगळे सांगितले.

"माझ्या बाबाचं पत्र?" ती म्हणाली. "वाच."

कंपाउंडरांनी वाचले. सुट्टीपाशी तिने पदर मुठीत धरला. चपलांपाशी ती उभी होती ती खाली बसली. 'ही ओळ आईला वाचून दाखवू नको' इथपर्यंत येऊन वाचन संपले, तेव्हा वेल्डर गजांकडे पाहत होता.

"तारीख काय आहे वर?"

"नऊ."

"दहा तारखेला गिरणीत बॉयलर फुटला," म्हातारी म्हणाली. "तार आली होती आम्हाला. पत्र नाही आलं."

कंपाउंडरांनी जपून आक्षेप घेतला. "आत्या, आजोबा गिरणीत नव्हते. टपाल कचेरीत अधिकारी होते. आणि ते त्यानंतर अकरा वर्षे जगले."

"तुझे आजोबा जगले असतील. माझा बाबा दहा तारखेला गेला." ती जराही रागावली नव्हती. "त्याला कुठं लिहिता येत होतं? अडाणी होता. पोस्टाच्या पायरीवर एक म्हातारा बसायचा, गुडघ्यावर फळी घेऊन. गिरणीतली सगळी माणसं त्याच्याकडून पत्रं लिहून घ्यायची. बाबा सुट्टीत आला की त्याच्या गोष्टी सांगायचा. मोठा नेमस्त माणूस. प्रत्येक वाक्य परत वाचून दाखवायचा, बाबा 'हं' म्हणाला की मगच पुढचं."

टपाल कचेरीतल्या अधिकाऱ्याला पायरीवर उतरायला कंपाउंडरांच्या मनात थोडा वेळ लागला. सतरा साम्ये खरी होती. अक्षर आजोबांचेच होते. एकटेपण तेवढे दुसऱ्याचे होते.

"त्यानं टाकलं का नाही मग?" वेल्डरने विचारले.

"कळलं असेल ना दहाला. गेलेल्या माणसाचं 'नक्की येतो' कोण टाकेल पेटीत? फाडवलंही नसेल." म्हातारीने हात पुढे केला. "टाकायला हवं होतं पण. मला वाटायचं, बाबाला लिहावंसंच वाटलं नाही. आण इकडे. अंगठा कुठं आहे?"

"कुणाचा?"

"बाबाचा. प्रत्येक पत्राखाली उठवायचा. मी त्यावर माझा ठेवून बघायची, केवढा मोठा आहे ते."

कंपाउंडरांनी कागदाच्या तळाकडे पाहिले. खोटे बोलणे अगदी सोपे होते. तिला दिसत नव्हते. उठवायचा राहिला असेल, एवढे म्हटले असते तरी भागले असते. पण चाळीस वर्षांत त्यांनी बाटलीवर चुकीची चिठ्ठी कधी चिकटवली नव्हती.

"होता," ते म्हणाले. "मला तो शाईचा डाग वाटला. मी परवा आम्लाने काढला. स्वच्छ दिसावे म्हणून."

"काढलास?"

"पूर्ण काढला. मी काम अर्धवट करत नाही."

वेल्डर उठून उभा राहिला. कंपाउंडरही उठले, आपल्याला आता हाकलून देतील, आणि ते योग्यच होईल, असे त्यांचे मत झाले होते. पण म्हातारी कागदाच्या तळाशी बोट फिरवत राहिली. "कुठं होता?"

त्यांनी तिचे बोट धरून त्या जागी टेकवले. तिथे कागद किंचित खरखरीत झाला होता.

"बस," ती म्हणाली. "परत वाच. सावकाश."

बोट तिथेच ठेवून तिने ऐकले, आणि प्रत्येक वाक्यानंतर 'हं' म्हटले. तिसऱ्या वाचनाच्या सुमारास वेल्डरने खिशातला कागद काढून पाहिला, नाते नसल्यामुळे तो निरुपयोगी झाल्याचे ध्यानात येऊन त्याच्या जिवावरचा भार उतरला, आणि नातेवाइकाला ज्याने ओट्यावर बसवले होते त्याने परक्याला आत नेऊन जेवू घातले. बसस्थानकापर्यंत तो सोबतही आला. वाटेत त्याने रुग्णालयाचे नाव आणि शस्त्रक्रियेची तारीख विचारली. कंपाउंडरांनी दोन्ही सांगितली. सहीचा विषय त्यांनी काढला नाही. अंगठा पुसून आलेल्या माणसाने सही मागू नये, एवढे तारतम्य त्यांना होते.

ठरल्या दिवशी ते शिंप्याला घेऊन रुग्णालयात गेले. 'शेजारी' हा शब्द नात्यात कसा बसतो याची पाच कारणे त्यांनी वाटेत जुळवली होती. पण खिडकीपाशी आधीच दोन माणसे उभी होती.

"पेशंटशी नातं काय?" बाई विचारत होती.

"काही नाही," वेल्डर म्हणाला.

"मग सही कशी करता?"

"करायला म्हणून चार तास बसनं आलोय."

म्हातारीने मुलाला कोपराने बाजूला सारले. "बाई, आमचं एक पत्र सदुसष्ट वर्षं यांच्या घरी होतं."

"आजी, एवढं रकान्यात मावत नाही."

"मग मोठा रकाना दे."

बाईने एकवार चौघांकडे पाहिले, अर्ज उलटा केला आणि कोरी बाजू पुढे सरकवली. "काय असेल ते इथे लिहून द्या. खाली सही करा. डॉक्टरांना मी दाखवते."

वेल्डरच्या बोटांना भाजल्याचे फोड होते आणि म्हातारीला दिसत नव्हते. अर्ज कंपाउंडरांनीच घेतला. बाकावर जागा नसल्यामुळे ते पायरीवर बसले आणि कागद गुडघ्यावर ठेवला.

"सांगा," ते म्हणाले.

"लिही," म्हातारी म्हणाली. "हा माणूस आमचा कुणी लागत नाही."

कंपाउंडरांनी मान खाली घालून, कोरीव अक्षरात, ते लिहिले. वाचून दाखवले. पेन उचलले.

"थांबलास का?" ती म्हणाली. "वाक्य संपलं नाही अजून."