मातीसाहेबांचा डोंगर

"डोंगर एकतर देव घडवतो, नाहीतर मी," असं मातीसाहेब नव्या इंजिनिअरांना पहिल्याच दिवशी ऐकवत. कोळशावरची माती नि दगड उपसून कुठे टाकायचे, हे ठरवण्यात त्यांची हयात गेली होती. खरं नाव पगारापुरतं उरलं होतं. घरी मात्र केराची बादली कुठे ठेवायची, हेसुद्धा त्यांना न विचारताच ठरत असे.

निवृत्ती तोंडावर आली असताना मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं.

"तुमच्या डोंगराखाली कोळसा लागलाय."

मातीसाहेब खुर्चीत बसता बसता अर्ध्यावरच थांबले. कॉलनीमागचा तो डोंगर म्हणजे त्यांनी ऐन उमेदीत रचलेला पहिला ढीग. खाली कोळसा नाही अशी खात्री करूनच रचलेला. फक्त तेव्हाची यंत्रं आजच्याइतकी खोल भोकं पाडत नव्हती.

"तो हलवायचा. कुठे टाकायचा, तेवढं जाण्याआधी सांगून जा. रचलात तुम्ही, मोडायला परका हात कशाला?"

व्हरांड्यात आल्यावर समोर तोच डोंगर उभा. पहिल्या डंपरने पहिली खेप ओतली तेव्हा तिथे नुसतं माळरान होतं. लग्नानंतर बायकोला ते संध्याकाळी त्याच ढिगावर घेऊन गेले होते. तेव्हा वर जेमतेम दोन माणसं मावत. पुढे ढीगही वाढला आणि संसारही. कॉलनीतल्या पोरांच्या कितीतरी चड्ड्या त्याच्या उतारावर घसरून फाटल्या. शाळेत चित्र काढा म्हटलं की इतर गावची मुलं दोन डोंगर नि मधे सूर्य काढतात. इथली मुलं एकच डोंगर काढत, आणि सूर्याच्या जागी डंपर.

"तोंड का उतरलंय?" बरोबरीने म्हातारा झालेल्या मोजणीदाराने विचारलं.

"डोंगर वाचवायचाय रे."

"मग नाही म्हणू नका. हो म्हणा, आणि कुठे टाकू ते लोकांना विचारत सुटा."

मातीसाहेब विचारत सुटले.

"हलवा की," डॉक्टर म्हणाले. "फक्त दवाखान्यामागे नको. खोकणारे पेशंट हवेत मला, पण एवढे नकोत."

"शाळेमागे टाकलात तर मुलं खिडकीबाहेर बघत बसतील," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

"आत्ता कुठे बघतात?"

"आत्ताही बाहेरच बघतात. पण तिथे काहीच नाही ना, म्हणून कंटाळून शेवटी फळ्याकडे वळतात."

अशा रीतीने सगळ्या जागा संपल्या आणि एकच उरली: कोळसा काढून झालेली जुनी खाण. त्या खड्ड्यात आता तळं साचलं होतं, आणि दर रविवारी मोठे साहेब टोपी घालून त्याच्या काठी गळ टाकून बसत. मोजणीदाराने नकाशावर तिथे पेन्सिल टेकवली आणि छताकडे बघत राहिला.

मातीसाहेबांनी तोच नकाशा साहेबांच्या टेबलावर उलगडला.

"इथे?" साहेबांनी चष्मा काढला.

"उपसलेल्या खड्ड्यातच दगड परत भरावेत, असा नियमच आहे साहेब."

"पण तिथे पाणी आहे."

"उपसता येईल."

"त्यात मासे आहेत हो."

"तेही उपसता येतील."

साहेबांनी नकाशातल्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "गेल्या रविवारी एक सुटला हातून," ते हळूच म्हणाले. "हा एवढा." मग घसा खाकरून म्हणाले, "कोळसा काही पळून जात नाही. पुढच्या पिढीसाठी थोडा ठेवायला हवा की नको?"

"हवाच."

"तसं लिहून टाका."

मातीसाहेब रणांगण जिंकल्यासारखे घरी आले. मागच्या अंगणात बायको दोरीवरचे कपडे काढत होती. त्यांनी सगळी हकीकत मीठमसाला लावून सांगितली आणि शेवटी आवाज खाली आणून विचारलं, "आपण पहिल्यांदा वर गेलो होतो, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? माझी चप्पल तुटली होती, आणि तुम्ही उतार किती ठेवला की ढीग ढासळत नाही, ते समजावत होतात."

"मग?"

"मग काय, ऐकून घेतलं. नवीन होते मी."

दोघंही डोंगराकडे बघत राहिली. सूर्य केव्हाच त्याच्यामागे गेला होता.

"राहिला ते बरं झालं," ती म्हणाली. "सवय झालीय त्याची."

मातीसाहेबांना भरून आलं. तिने एक ओलसर टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला.

"फक्त रिटायर व्हायच्या आधी तो जरा डावीकडे सरकवता येतो का बघा. दुपारनंतर दोरीवर ऊन येत नाही."